लिनोकट: प्रेसशिवाय दोन रंगांचा छाप

लिनोकट म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून ठसा करायचा, त्याच्या उंच राहिलेल्या भागाला शाई लावायची आणि कागदावर छाप घ्यायचा. तो नव्याने करणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक तीनच असतात. काळा भाग भरीव येत नाही, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला येतो. बारीक रेषा शाईने बुजतात. आणि दुसरा रंग जागेवर बसत नाही. मग दोष हत्याराला दिला जातो आणि महागडा सेट मागवला जातो. खरं तर कोरण्यात फारसं बिघडत नाही. बिघडतं ते त्याआधी कागद निवडताना आणि त्यानंतर शाई पसरताना. म्हणून या लेखात कोरण्याला एकच टप्पा दिला आहे. शाई आणि रंगांची जुळवणी यांवर मात्र थांबून लिहिलं आहे.

उदाहरण म्हणून ए-५ आकाराचा (१४.८ × २१ सेंमी) ठसा, दोन रंग आणि १० छाप धरले आहेत. प्रेस (छपाईचं यंत्र) नाही, कागद मागून चमच्याने घासायचा. लाकडी ठशालाही (वुडकट) बहुतेक सगळं हेच लागू आहे, जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

## टप्पा १: साहित्य, आणि त्यातली फसवणूक

लिनो. फ्लोअरिंगच्या दुकानात ‘लिनोलियम’ म्हणून जे देतात ते बहुतेक वेळा पीव्हीसी असतं. ते कोरताना रबरासारखं ताणलं जातं आणि कड सुबक येत नाही. खरं लिनोलियम जवसाचं तेल, बुचाचा (कॉर्कचा) भुगा, लाकडाचा भुसा आणि राळ यांचं बनतं, मागे तागाचं कापड असतं. मागची बाजू पाहा, वास घ्या (तेलाचा येतो) आणि कोपरा कोरून बघा. खऱ्या लिनोची ढलपी तुटून पडते, पीव्हीसीची दोरीसारखी वळते. चित्रकलेच्या दुकानातलं लिनो साधारण ३.२ मिमी जाड असतं. जुना तुकडा वाळून कडक होतो आणि वाकवला की तडकतो, तो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

हत्यारं. पाचच्या किंवा दहाच्या सेटमधली दोनच रोज लागतात: एक बारीक व्ही आणि एक मध्यम यू (नावं टोकाच्या आकारावरून). तीच जरा बरी घ्या.

रोलर. रबराचा, साधारण १० सेंमी रुंद. भिंत रंगवायचा स्पंजचा रोलर चालत नाही, तो शाई सारखी पसरवत नाही आणि खाचेत उतरतो. विकत घेताना रोलर काचेवर ठेवून उजेडाकडे बघा. रबर आणि काच यांच्यामधून कुठे प्रकाश दिसला तर तो रोलर परत ठेवा.

शाई. पोस्टर कलर, फॅब्रिक कलर, ट्यूबमधला ॲक्रिलिक यांनी लिनोकट होत नाही. त्यांना चिकटपणा नसतो, म्हणून ते खाचांत ओघळतात किंवा काचेवरच वाळतात. रिलीफची, म्हणजे ठशाच्या उंच भागावरून छापायची, तेलाची शाई घ्या. ती न मिळाल्यास छपाई साहित्याच्या दुकानातली ऑफसेटची काळी शाई घ्या, डबा एक किलोचा असला तरी वर्षानुवर्षं पुरतो. पाण्याची रिलीफ शाई शाळेच्या वर्गाला ठीक आहे, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती काचेवर काही मिनिटांत सुकते.

कागद. सगळ्यात जास्त छाप इथे बिघडतात. प्रेस नसेल तर हाताचा दाब थोडा असतो, आणि थोड्या दाबाला जाड, कडक कागद दाद देत नाही. २०० ग्रॅमचा (वजन दर चौरस मीटरला) कार्ट्रिज, म्हणजे जाड ड्रॉइंगचा कागद, किंवा जलरंगाचा खरखरीत कागद चमच्याने घासून भरीव काळा येत नाही, कितीही शाई लावा. ३० ते ८० ग्रॅमचा, लांब धाग्यांचा, मऊ कागद घ्या. नेपाळी लोकता कागद किंवा जपानी पद्धतीचा तुतीचा कागद उत्तम. पुण्याच्या हातकागद संस्थेत मिळतो तसा जाड सुती कागद दिसायला सुंदर, पण तो प्रेससाठी ठेवा. एकाच रंगाचं काम असेल तर तो ओलसर करून हातानेही जमतो, दोन रंगांना नाही. ओला कागद फुगतो आणि सुकला की आकसतो, मग दुसरा रंग कशाशी जुळवणार?

१० चांगले छाप हवे असतील तर १६ कागद कापा, सगळे अगदी एका मापाचे. आपल्या ठशाला चारी बाजूंनी ४ सेंमी समास सोडला तर कागद २२.८ × २९ सेंमी होतो. हातकागदाच्या फाटक्या, सुरेख कडांवर जीव जडला असला तरी खालची आणि डावी कड पट्टी धरून सरळ कापावी लागेल. जुळवणी त्याच दोन कडांवर होते.

याशिवाय ५ मिमीची काच (कडा घासून घेतलेली), शाई मळायला पॅलेट नाइफ, बटर पेपर, चिंध्या आणि एक लाकडी डाव किंवा स्टीलचा जाड चमचा.

## टप्पा २: चित्र ठशावर उतरवणं

आधी एक निर्णय घ्या: जमीन (चित्रामागची पार्श्वभूमी) काळी की पांढरी? नंदलाल बोस यांचं १९३०चं दांडीयात्रेतल्या गांधीजींचं लिनोकट बघा. काळ्या जमिनीवर पांढरी रेषा. हत्यार जिथे फिरतं तिथे पांढरं उमटतं, त्यामुळे अशी रेषा थेट कोरता येते. उलट पांढऱ्यावर काळी रेषा हवी असेल तर तिच्या दोन्ही बाजू कोरून रेषा उभी सोडावी लागते, म्हणजे काम दुपटीहून अधिक. पहिल्या ठशाला काळी जमीन घ्या.

लिनोवर ४०० नंबरचा पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवा. फॅक्टरीतून आलेला गुळगुळीत थर शाई नीट धरत नाही. धूळ पुसून पातळ केलेल्या वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकचा हलका हात द्या. आता कोरलेला भाग मूळ रंगाचा दिसेल आणि उरलेला गडद, म्हणजे छाप कसा येईल हे कोरतानाच दिसत राहील. पर्मनंट मार्करने रंगवू नका. काही मार्करची शाई पहिल्या छापांमध्ये उतरते.

चित्र ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने काढा, कागद उलटा करून लिनोवर ठेवा आणि मागून घासा. चित्र आपोआप उलटं उतरतं, छापात सुलटं येतं. कार्बन पेपर वापरायचा असेल तर ट्रेसिंग पालथं घालूनच गिरवा.

मजकूर असेल तर इथे थांबा. देवनागरी उलटी झाली तरी शिरोरेषा वरच राहते, त्यामुळे नजर सहज फसते. ठशावरची बरोबर पहिली वेलांटी दुसरीसारखी दिसते आणि दुसरी पहिलीसारखी. कोरता कोरता ‘चुकलं वाटतं’ म्हणून ती सुधारायला गेलात की चूक तिथेच होते. ‘ष’ आणि ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ यू हत्याराच्या एका फटक्यात उडते, मग ‘ष’चा ‘प’ आणि ‘ब’चा ‘व’ होतो. अक्षरं १५ मिमीपेक्षा लहान घेऊ नका, आणि अक्षरातल्या कोणत्याही काळ्या रेघेची जाडी १ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका.

तपासा: कोरायला बसण्याआधी ठसा आरशासमोर धरा. आरशात जे दिसतं तेच कागदावर येणार. मजकूर दुसऱ्या कोणाला तरी आरशातून वाचायला द्या. ज्याने लिहिलं त्याला स्वतःची चूक दिसत नाही.

## टप्पा ३: कोरणं

लिनो थंड असेल तर कडक लागतं. दहा मिनिटं उन्हात ठेवा किंवा मागून कोमट इस्त्री फिरवा. हाताला कोमट लागलं की पुरे, तापवायचं नाही.

ठसा अडवायला बेंच हुक करून घ्या. फळीच्या एका कडेला वरून पट्टी, समोरच्या कडेला खालून पट्टी. खालची पट्टी टेबलाच्या काठाला अडकते, वरचीला ठसा टेकतो. सुतार अर्ध्या तासात करून देतो.

सांभाळा: मोकळा हात नेहमी हत्याराच्या मागे. लिनोकटमधल्या जवळजवळ सगळ्या जखमा ठसा समोरून धरणाऱ्या डाव्या तळहाताला होतात. हत्याराला जोर द्यावा लागत असेल तर त्याची धार गेलेली आहे असं समजा. चामड्याच्या पट्ट्यावर पॉलिशची वडी घासून त्यावर हत्यार मागे ओढत दर अर्ध्या तासाने फिरवलं की धार टिकते.

क्रम असा ठेवा. आधी व्हीने सगळ्या आकारांच्या कडा, मग यूने मोकळ्या जागा, शेवटी बारीक तपशील. तपशील आधी केले तर मोठ्या जागा काढताना ते उडतात. गोलाई कोरताना हत्यार स्थिर ठेवा आणि दुसऱ्या हाताने ठसा फिरवा. रेषेची भिंत बाहेरच्या बाजूला उतरती हवी, पायाशी रुंद. भिंतीखाली खोदलं गेलं तर पाच-सहा छापांत रेषा मोडते.

खोली १ ते १.५ मिमी पुरते. तागाचं कापड दिसलं म्हणजे जास्त झालं. मोठ्या पांढऱ्या जागा मात्र बारीक रेषांपेक्षा खोल घ्या, कारण रुंद खाचेत रोलर खाली उतरतो आणि तिथल्या उंचवट्यांना शाई लावतो. त्यामुळे उमटणारे काही ओरखडे छापात बरे दिसतात आणि लिनोकटची ओळखही तेच असतात. पण ते तुम्ही ठरवून ठेवलेले असावेत.

लाकडी ठसा प्लायवर कोरताना लाकडाच्या रेषेला आडवं व्ही फिरवलं तर ढलप्या निघतात. तिथे आधी सुरीने दोन्ही बाजूंनी चीर द्या, मग मधलं काढा.

तपासा: शाई लावण्याआधी पातळ कागद ठशावर ठेवून पेन्सिल आडवी घासा. जवळपास पूर्ण छाप डोळ्यांसमोर येतो. शाई लागल्यावर पुन्हा कोरायचं म्हणजे ठसा धुवा, वाळवा, ही कटकट वाचते.

## टप्पा ४: शाई

डब्यातली शाई थेट रोलरला लावायची नाही. पाव चमचा शाई काचेवर घ्या आणि पॅलेट नाइफने दोन मिनिटं मळा. ऑफसेटची शाई आधी घट्ट वाटते, मळली की सैल होते. डब्याच्या तोंडावरची साय शाईत येऊ देऊ नका. तिचा एक कण १० छापांमध्ये दिसतो.

ए-५ ठशाला सुरुवातीला एवढीच शाई पुरते. हे वाचून बहुतेकांना शंका येते आणि ते तिप्पट घेतात. बुजलेल्या रेषांचं मूळ इथे आहे.

काचेवर एक आडवी रेघ ओढा, रोलरने ती खाली ओढत पसरवा. प्रत्येक फेरीला रोलर उचला, पुन्हा वरून सुरू करा. नुसतं मागे-पुढे केलं तर रोलरचा तोच भाग त्याच जागी येतो आणि शाई पट्ट्यापट्ट्यांनी बसते. उभं झालं की आडवं फिरवा.

आता ऐका. थर बरोबर असेल तर रोलर फिरताना बारीक, सलग सर्र आवाज येतो. चटचट, फाटल्यासारखा ओला आवाज आला तर शाई जास्त आहे. बघूनही कळतं: बरोबर थर मखमली आणि एकसारखा दिसतो, जास्त झालेला संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत. जास्त झाली तर काचेवरची निम्मी शाई नाइफने काढून बाजूला ठेवा आणि पुन्हा फिरवा.

ठशावर शाई एका जाड थरात न देता पाच-सहा पातळ थरांत द्या. रोलर काचेवर भरा, ठशावर उभा फिरवा, परत काचेवर भरा, ठशावर आडवा फिरवा. जोर देऊ नका, रोलरचं वजन पुरे. दाबलेला रोलर शाई खाचांच्या भिंतींवर चढवतो. ठसा डोळ्यांच्या पातळीला तिरका धरा, खिडकीचा उजेड त्यावरून घसरू द्या. जिथे कोरडं राहिलं ते मॅट दिसतं.

तापमानाने शाईचा स्वभाव बदलतो. मे महिन्यात नागपूरला तीच शाई सैल होऊन रेषा बुजवते, डिसेंबरात नाशिकला सकाळी ती रोलरवरून सुटत नाही. सैल शाईत चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट मळा. घट्ट शाईत जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब, त्याहून जास्त नाही. टर्पेंटाइन किंवा रॉकेल घालून शाई पातळ करायची नाही: चिकटपणा जातो आणि कागदावर तेलाची कड उमटते.

तपासा: पहिले दोन-तीन छाप फिके येणारच. नवीन लिनो शाई पितं. ते साध्या कागदावर काढा आणि त्यांच्यावरून कोणताही निर्णय घेऊ नका.

## टप्पा ५: छाप काढणं आणि वाचणं

हात धुवा. शाईचा अंगठा समासावर उमटला की तो छाप गेला.

कागद दोन्ही हातांनी धरून एका कडेपासून टेकवत न्या. एकदा टेकला की सरकवायचा नाही. तळहाताने मधून बाहेर दाबा, वर बटर पेपर ठेवा, म्हणजे घासताना कागद फाटत नाही. मग चमच्याने लहान लहान गोल करत संपूर्ण ठसा घासा. मनगटाने नाही, खांद्यातून जोर येऊ द्या. ए-५ला पाच-सहा मिनिटं लागतात. कडा आणि कोपरे सगळ्यांचेच राहून जातात, तिथे दुसरी फेरी मारा. मऊ कागदाच्या मागून काळा भाग दिसू लागतो, तोच तुमचा नकाशा.

उचलण्याआधी अर्धा कागद हाताने दाबून ठेवा, दुसरा अर्धा उचलून बघा. फिकं आहे तिथे रोलरने पुन्हा थोडी शाई द्या, कागद खाली सोडा, घासा. दुसऱ्या अर्ध्याचंही तसंच.

छाप बिघडला तर अंदाजाने दहा गोष्टी एकदम बदलू नका. छाप स्वतःच सांगतो.

- सगळीकडे पांढरे ठिपके: आधी कागदाकडे बघा, मग घासण्याकडे, शाईकडे शेवटी. बहुतेक जण उलट क्रमाने जातात आणि शाई वाढवून रेषा बुजवून बसतात.
- रेषा बुजल्या: शाई जास्त किंवा सैल. ठशावर शाई न लावता साध्या कागदावर दोन छाप काढा, जादा शाई निघून जाते.
- एकच गोल पांढरा डाग, मध्ये ठिपका: ठशावर केस किंवा कण आहे. चिकटपट्टीने उचला.
- कडेला दुहेरी रेषा: कागद सरकला.
- एकच बाजू कायम फिकी: ठसा खाली सपाट बसलेला नाही, किंवा लिनो तिथे पातळ आहे. त्या जागेच्या मागे वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवा. एक-दोन पापुद्रे पुरतात.
- पांढऱ्यात नको असलेले काळे ओरखडे: नको तेवढे कोरून काढा, किंवा प्रत्येक छापाआधी चिंधीने पुसा.

## टप्पा ६: दुसरा रंग

इथे क्रम चुकतो. मुख्य ठसा, म्हणजे ज्यावर काळ्याचं पूर्ण चित्र आहे तो, कोरायचा आधी आणि छापायचा शेवटी. फिका रंग खाली, गडद वर. काळ्यावर पिवळा छापून पिवळा दिसत नाही.

जुळवणीचा पाट. ३० × ४० सेंमीच्या एमडीएफवर, उरलेल्या लिनोच्या ६ सेंमी रुंद पट्ट्यांचा एल आकार चिकटवा, डावीकडे आणि खाली. या एलच्या आतल्या कोपऱ्यात ठसा टेकून बसेल. पट्ट्या लिनोच्याच हव्यात, म्हणजे त्यांची उंची ठशाएवढी राहते आणि कागद वाकत नाही. आता ठशाच्या कोपऱ्यापासून डावीकडे ४ आणि खाली ४ सेंमीवर जाड कार्डाचा छोटा काटकोन पट्टीवर चिकटवा. तिथे कागदाचा कोपरा बसेल. त्याच खालच्या पट्टीवर, उजवीकडे दोन तृतीयांश अंतरावर, कार्डाचा सरळ तुकडा चिकटवा, त्याला कागदाची खालची कड टेकेल. जपानी लाकडी ठशांची केंतो पद्धत हीच: एक कोपरा, एक सरळ खूण, दोन्ही एकाच कडेवर. पेन्सिलीच्या खुणा काढून डोळ्याने कागद जुळवणं दोन-तीन छाप टिकतं, १० नाही.

चित्र दुसऱ्या ठशावर नेणं. पुन्हा ट्रेस करू नका, अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतोच. दोन्ही ठसे एकाच मापाचे, काटकोनात कापलेले घ्या (लिनो पुढून कटरने चिरा, मागे वाकवा, ताग मागून कापा). मुख्य ठसा पाटात बसवा आणि कागदाच्याच मापाच्या प्लास्टिकच्या पारदर्शक शीटवर भरपूर शाईचा छाप घ्या. मुख्य ठसा काढून तिथे कोरा लिनो बसवा. तीच शीट, शाईची बाजू खाली, त्याच खुणांना टेकवून घासा. मुख्य चित्र अगदी त्याच जागी कोऱ्या लिनोवर उतरतं. टाल्कम पावडर भुरभुरवा, म्हणजे हाताला लागणार नाही.

रंगाचा ठसा कोरताना रंग काळ्या भागाच्या खाली १ मिमी जाऊ द्या. दोन्हींच्या कडा तंतोतंत भिडवायला गेलात तर कुठेतरी पांढरी फट दिसणारच.

छापणं. सोळाच्या सोळा कागदांवर आधी फिका रंग छापा. प्रत्येक कागद आधी कोपऱ्याच्या खुणेत, मग सरळ खुणेला, मग खाली सोडा. हा क्रम प्रत्येक वेळी तोच ठेवा. मग सुकू द्या. तेलाची शाई हवेतल्या प्राणवायूने घट्ट होते, नुसती ‘वाळत’ नाही. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस लागतात, पावसाळ्यात कोकणात आठवडाही जातो. जाड थर त्याहून जास्त घेतो. कडेला बोट दाबून डाग येत नसेल तर पुढे जा. महिनाभर मात्र ठेवून देऊ नका, फार टणक, चकचकीत झालेल्या थरावर दुसरी शाई धरत नाही.

सांभाळा: पावसाळ्यात कागदही हवेतला दमटपणा ओढून किंचित वाढतो. फिका रंग कोरड्या दिवशी आणि काळा धो-धो पावसात छापला तर पाट बरोबर असूनही जुळवणी सुटते. दोन्ही रंग शक्यतो सारख्या हवेत छापा, किंवा कागद आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत पसरून ठेवा.

एकच ठसा कोरत कोरत दोन-तीन रंग छापायची रिडक्शन पद्धतही आहे. तिच्यात जुळवणी सोपी, पण परतीची वाट नाही. पुढचं कोरण्याआधी सगळे कागद छापून झालेले असावे लागतात, नंतर अकरावा छाप हवा म्हटलं तर मिळत नाही. पहिल्याच वेळी मी दोन ठशांचीच सांगेन.

## टप्पा ७: सुकवणं, सफाई, क्रमांक

छाप दोरीला चिमट्यांनी टांगा. एकावर एक ठेवले तर खालच्याची शाई वरच्याच्या पाठीवर उमटते.

काच, रोलर आणि ठसा आधी गोडेतेलाने पुसा, मग भांड्यांच्या साबणाच्या ओल्या फडक्याने. रॉकेलची गरज नाही, रोलरचं रबर त्याने खराब होतं. ठसा नळाखाली धरू नका: ताग पाणी पितो आणि लिनो कायमचं वाकतं. रोलर टांगून ठेवा, रबरावर टेकवून ठेवलेल्या रोलरला सपाट डाग पडतो आणि पुढच्या प्रत्येक छापात तो पट्टा दिसतो.

सांभाळा: शाई आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. वाळताना त्या आतून तापतात आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. बाहेर एकेक पसरून कडक वाळवा, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

सगळे छाप सुकल्यावर शेजारी शेजारी मांडा आणि १० निवडा. काळ्याची भरीव जागा, जुळवणी आणि समास या तीनच कसोट्या लावा. उरलेले आवृत्तीत घालू नका. चित्राच्या खाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक (३/१० म्हणजे दहापैकी तिसरा), मध्ये शीर्षक, उजवीकडे सही. सहीला पेन वापरत नाहीत, शाई फिकटते किंवा कागदात पसरते. स्वतःसाठी ठेवलेल्या एक-दोन छापांवर ‘ए. पी.’ (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहा, ते दहामध्ये धरायचे नाहीत. फ्रेम करायची घाई असली तरी दोन आठवडे थांबा, आणि फ्रेमवाल्याला आत माउंट (छापाभोवतीची जाड कार्डाची चौकट) घालायला सांगा, म्हणजे काच शाईला टेकणार नाही.